माझा मोगरा म्हणे शून्य किलो

अन् वरून केंद्रातले लोक मलेच विचारून राहिले, "काकू, आज फुलं आणली नाही का?" टोपल्या तुमच्या डोळ्यासमोर, वास साऱ्या बाजारात, अन् चिठ्ठीवर माझ्या नावापुढं शून्य!

मोगरा ढिगानं भरला की गरम होऊन काळा पडते. म्हणून आमी भातकुलीच्या बाया लहान लहान टोपल्यांत आणतो, एकेकीत किलोच्या आतच. अमरावतीच्या आमच्या फूल केंद्रात आज कॉम्प्युटरचा काटा लागला. पाऊण किलो तोललं, छापलं शून्य. दुसरी टोपली ठेवली, तेही शून्य.

प्रोग्रामवाले साहेब म्हणते, "काकू, प्रोग्रामात आकड्यासाठी तयार फंक्शन असते. ते पॉइंटच्या नंतरचं कापून टाकते. संत्र्याच्या क्रेटसाठी बसवलं होतं."

"मंग दुसरं फंक्शन नाही का?"

"आहे ना. जवळच्या पूर्ण आकड्यावर नेणारं."

"म्हणजे पाऊणचा झाला किलो, अन् पाव किलोचं पुन्हा शून्यच! कापू नका, वाढवू नका, काट्यावर दिसते तेच लिवा ना!"

"त्यापेक्षा तुमी सगळं एका पोत्यात भरून आणा."

पोत्यात! मोगरा!

केंद्राचा नियम हाये, महिनाभर नोंदीत माल दिसला नाही तर ओटा दुसऱ्याले. म्हणजे रोज फुलं आणूनही माझा ओटा जाईन.

या ग्रुपवर केंद्राचे सारे लोक हायेत. वाचून गप्प बसू नका. हे फंक्शन कोण काढणार, त्याचं नाव शुक्रवारपर्यंत इथंच लिवा.