मेरीमातेची राहिलेली ओटी

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक जन्मला तेव्हा गप्प होता. ज्यांनी मला लग्नकार्यात माइक धरलेले पाहिले आहे, त्यांनी कृपया बसून घ्यावे.

हे घडले यवतमाळच्या एका मिशन दवाखान्यात. मी रडेना. सिस्टर मला उलटा धरून थापट्या मारत होत्या आणि आई खाटेवरूनच भिंतीशी उभ्या मेरीमातेला नवस बोलत होती : लेकराचं तोंड उघडू दे, तुझी ओटी भरीन. मी रडलो. ओटी मात्र राहिली. आधी कापसाचा हंगाम, मग माझ्या बहिणी, मग दवाखानाच बंद झाला. पन्नास वर्षं आईला ते खुपत होतं.

यंदा कळलं, दवाखान्यातल्या जुन्या वस्तूंचं चर्चच्या आवारात छोटं संग्रहालय केलंय. तांदूळ, नारळ, हिरवा खण घेऊन आम्ही घाटंजीहून एसटीनं निघालो.

आत जुनी मराठी बायबलं, लाकडी क्रूस, पायपेटी. मी एकेका वस्तूपुढे व्याख्यान देत होतो. आई थेट मेरीपुढे. कडेवर बाळ, नाकाचा टवका उडालेला.

"हीच ती," म्हणत तिनं दोरीखालून वाकून तांदूळ काढले.

"थांबा, बाई." संग्रहालय सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर लगबगीनं आल्या. "इथं दाणे नका टाकू. उंदीर येतात, मंग बायबल कुरतडतात."

आईचा चेहरा उतरला. मी नवसाची हकीकत सांगितली, उलटं लटकण्याच्या अभिनयासह. सिस्टरांनी आपल्या पांढऱ्या साडीचा पदर पसरला.

"तिच्या नावानं माह्या पदरात टाका."

आई घुटमळली. "तुमचं लगन?"

"नाही केलं."

"मंग ओटी कशी भरू?"

"लेकरं लय झाली ना, बाई. त्याच दवाखान्यात, या हातांनी घेतली."

आईनं ओटी भरली. सिस्टरांनी त्यातले चार दाणे रीतीप्रमाणे आईच्या पदरात परत टाकले. आयुष्यात दुसऱ्यांदाच माझा आवाज फुटेना. मग फुटला तो असा, की सिस्टरांचे, मेरीमातेचे, दवाखान्याचे, पायपेटीचे आणि शेवटी उंदरांचेही मी सविस्तर आभार मानले.

आई मूर्तीकडे वळून म्हणाली, "तोंड उघडू दे म्हटलं होतं वं माय, एवढं नाही."