तीन नकार आणि माझा शेरा

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, जमेल तसं.

कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवायचे. दरवर्षी मुलांना एक काम द्यायचे — घरात, रिक्षाच्या रांगेत कानावर पडलेले विगामी युक्तिवाद टिपून आणा. म्हणजे चार अनुभवांवरून बांधलेला अंदाज. 'मागचे दोन मंगळवार पाणी गेलं, म्हणजे याही मंगळवारी जाणार', असलं मुलं पुष्कळ आणायची.

केतकी आमच्याच बिल्डिंगमधली, डोंबिवलीची. तिच्या वहीत लिहिलं होतं: माझ्या थोरल्या बहिणीला, मानसीताईला, तीन स्थळं आली. तिन्ही वेळा पत्रिका जुळली, ताई पसंत पडली. तिन्ही वेळा त्यांची माणसं बिल्डिंगमध्ये चौकशी करून गेली आणि मग नकार आला. म्हणजे इथलंच कुणीतरी काहीतरी सांगतंय.

बरोबर होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

काय सांगायचे? फार नाही — मुलगी गुणी आहे हो, पण आत्याला झटके यायचे, आजोबाही शेवटी भ्रमिष्ट झाले होते, घरातच आहे ते. दोन माणसांवरून अख्खं घराणं. एखाद्या मुलाने हे लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. मग का बोलत होते? मानसीशी वैर नव्हतं. परकी माणसं माझं दार शोधत येतात, 'मॅडम' म्हणून माझ्या शब्दावर विसंबतात — त्याचं मला सुख वाटायचं.

केतकीच्या त्या ओळींखाली मी लाल पेनाने लिहिलं, 'घाईने काढलेला निष्कर्ष. उदाहरणे अपुरी.' आणि पुढची वही ओढली.

तिने तो शेरा घरी दाखवला. दोन दिवसांनी तिची आई शिऱ्याचा डबा घेऊन आली.

"आम्ही उगाच शेजाऱ्यांवर संशय घेत होतो हो मॅडम. आता चौथं स्थळ आलंय ना, त्यांना थेट तुमचंच नाव दिलंय. तुम्ही मानसीला लहानपणापासून बघताय."

रविवारी ती माणसं आली. मला वेगळं बोलता आलं असतं. मी तेच बोलले, त्याच क्रमाने. लाज वाटली — ती माणसं जिना उतरून गेल्यावर.

गुरुवारी नकार आला. शिऱ्याचा डबा तोवर माझ्याकडेच होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात साखर घालून परत केला.