फोनमधली बिनबोलावलेली मंडळी

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची कहाणी माझ्या थोरल्या जाऊबाई सांगतात. पुस्तकातून नाही, तोंडपाठ. त्या कळवणकडच्या. त्यांच्या आजीकडून आलेली ही कहाणी छापील कहाणीहून बरीच वेगळी आहे. तिच्यातली राणी जास्त भांडखोर आहे आणि सुईण जास्त शहाणी. ऐकणारीने हातात अक्षता घेऊन समोर बसायचं, दर वाक्याला 'हं' म्हणायचं. आणि सुरू झालेली कहाणी मधे थांबवायची नाही, मग दारात कोणीही येवो.

ती 'हं' म्हणणारी गेली चाळीस वर्षं मीच. लग्न होऊन मखमलाबादच्या या फुलांच्या मळ्यात आले तेव्हा मी बी.ए. होते, आणि ही गोष्ट मी दिवसातून तीनदा तरी स्वतःला सांगत असे. कहाणी चालू असताना पदराखाली मांडीवर मासिक उघडं ठेवायचं आणि जाऊबाईंनी श्वास घेतला की 'हं' म्हणायचं. ऐकायची गरजच नव्हती. कसली हुशार बाई होते मी.

या वर्षी जाऊबाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी मंगळवारी ऑपरेशन ठरवलं. पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, आणि नंतर आवाज येईल, पण कसा येईल ते सांगता येत नाही, असं म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ती कहाणी त्या एका गळ्याशिवाय कुठेच नव्हती. ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी तिचा व्हिडिओ काढायचाच, असं मी ठरवलं.

फोन पुरणाच्या डब्याला टेकवून उभा केला. जाऊबाईंनी पदर सावरला आणि सुरुवात केली. राणीने सुईणीला बोलावणं धाडलं, सुईण निघाली, आणि फोनने कुईं केलं. पडद्यावर पाटी: जागा शिल्लक नाही. चित्रीकरण बंद.

कहाणी थांबवता येत नाही. जाऊबाई सांगतच राहिल्या, मी एका हातात अक्षता धरून दुसऱ्या हाताने फोनशी झटापट करत 'हं' म्हणत राहिले. चार-दोन फोटो उडवले. फोन म्हणाला, ते कचऱ्याच्या डब्यात ठेवलेत, महिनाभर राहतील. म्हणजे कचरासुद्धा माझ्याच घरात. डबा रिकामा करायची जागा सापडेपर्यंत कहाणी संपली होती आणि जाऊबाई जिवतीवर अक्षता टाकत होत्या.

संध्याकाळी सून कामावरून आली. तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, मग 'सिस्टीम अॅप दाखवा' दाबलं. यादी सुरू झाली ती संपेना.

"ही कोण मंडळी?" मी विचारलं.

"आई, ही आधीपासूनच असतात. पडद्यावर दिसत नाहीत."

"मी बोलावलं होतं का?"

"नाही. फोन बनवणाऱ्यांनी बसवलेली. काही लागतात, काही उगाचच."

उगाचच्यात एक राशिभविष्य सांगणारं होतं, एक क्रिकेटचं, एक वॉलपेपर बदलणारं, आणि एकाचं नावच नुसती अक्षरं नि ठिपके. "काढ ही सगळी," मी म्हटलं. काढायचं बटणच नव्हतं. ज्याला बटण होतं ते राखाडी, दाबलं तर दगडासारखं थंड. क्रिकेटवाल्याला तेवढं 'अपडेट काढा' असं होतं. सुनेने ते काढलं. रात्रीचं जेवण होईस्तोवर त्याने आपलं आपण परत घालून घेतलं. मी इतकी वर्षं घर चालवते आहे. इतका निर्लज्ज पाहुणा पाहिलेला नाही.

"आणि आई, माइक, फोटो, तुम्ही कुठे आहात ते, सगळ्याची परवानगी दिलेली आहे हो यांना," सून म्हणाली.

"कोणी?"

ती यादी पुढे सरकवायला लागली. चांगली मुलगी आहे.

दिली होती मीच. तीन वर्षांपूर्वी फोन नवा आला तेव्हा प्रत्येक प्रश्नाला मी 'हो' दाबलं. वाचत कोण बसतं? मांडीवर मासिक ठेवून 'हं' म्हणणारी बाई पुढे याहून वेगळं काय करणार होती?

शनिवारी महात्मा गांधी रोडवर फोनच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन उलटासुलटा केला. "आजी, मुळापासून काढता येतात. पण मग वॉरंटी गेली. बँकेचं अॅप चालेलच असं नाही. आणि काही बिघडलं तर आतलं सगळं पुसलं जाईल."

"सगळं म्हणजे कहाणीसुद्धा?"

"कसली कहाणी?"

"फोन माझा आहे ना?"

"तुमचाच की."

"मग यातलं माझं काय आहे ते सांगा."

"फोटो," तो म्हणाला. "ते तुम्ही केव्हाही काढू शकता."

त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, हेच जास्त लागलं. घरी येऊन मी शेवंतीच्या तीन हंगामांचे फोटो आणि नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ काढून टाकला. भविष्यवाला, क्रिकेटवाला आणि ठिपकेवाला जागच्या जागी राहिले. जागा झाली.

रविवारी सकाळी जाऊबाईंपुढे फोन घेऊन बसले. "एकदाच सांगा. राहिलेली अर्धी."

"अर्धी सांगत नसतेत. अन शुक्रवारची कहाणी आयतवारी सांगू व्हय? मी नाय सांगायची."

"मंगळवारी ऑपरेशन आहे तुमचं."

"म्हणून वार बदलतो का? तू हायेस की. चाळीस वर्सं ऐकतीस."

मी फोन खाली ठेवला. मग एकदाचं बोलून टाकलं, "मला येत नाही. मी ऐकत नव्हते."

"मला ठाव हाय," जाऊबाई म्हणाल्या. "पदराखालचं पुस्तक काय मला दिसत नव्हतं? लय हसायचीस मधीच, सुईण रडायला लागली की."

त्यांनी चहा मागितला.

"म्होरल्या शुक्रवारी तू सांगायची," त्या म्हणाल्या. "मी ऐकीन."

ऑपरेशन नीट झालं. बोलायला बंदी म्हणून सुनेने त्यांना एक पाटी आणून दिली. मधले दिवस मी फोनमधला तो अर्धा व्हिडिओ लावून लावून पाठ केला. मधेच भविष्यवाला पडद्यावर उगवायचा आणि आज तुमचा दिवस अनुकूल आहे म्हणून सांगायचा. मी त्याला बाजूला सारायचे, तो पुन्हा यायचा.

शुक्रवारी मी पाटावर, जाऊबाई समोर. 'हं' म्हणता येईना म्हणून त्या बोटाने पाटावर टकटक करत होत्या. सुईण निघेपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथून पुढे मी अंदाजाने निघाले. राणीला मी माहेरी धाडलं. दोन टकटक, म्हणजे चूक. नदीवर धाडलं, पुन्हा दोन. सुईणीला शिक्षा देववली, तेव्हा तर त्यांनी तळहातच आपटला. त्या डोळे मोठे करत, दाराकडे बोट दाखवत, मी पुढचं एकेक ओळखत जायची. पुरण गार झालं. सून दोनदा डोकावून गेली.

शेवटी कशीबशी राणी घरी आली आणि मी अक्षता टाकायला हात उचलला. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने पाटीवर लिहिलं: परत. पयल्यापासून.