वरच्या पिशवीतलं चॉकलेट

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कालगुर्लीच्या प्रयोगशाळेत सोनं कुणाला दिसत नाही, दिसते ती धूळ. दगडात सोनं किती ते तपासायला खाणींवरून भुग्याच्या कापडी पिशव्या येतात. त्या सोडून भुगा परातीत ओतायचा, वाळवायचा, दळायचा, मग मुशीत घालून भट्टीत ढकलायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भट्टी माझी आणि पिशव्या ग्लेनिस ट्रेंबाथच्या. बाई भलती फटकळ, पण लाडकी.

लांब वाळवंटात जमिनीला भोकं पाडून तो भुगा काढणाऱ्या पोरांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. तरी पिशव्यांची गाडी निघताना सगळ्यात वरच्या पिशवीत ते तिच्यासाठी एक चॉकलेट टाकायचे. नियमात बसणारं नव्हतं, पण ग्लेनिसला बोलणार कोण? ती ते आधी काढून खिशात घालायची आणि मगच कामाला लागायची.

मग साहेबाने, म्हणजे फर्गसने, पिशव्या उचलून ओतणारा यांत्रिक हात आणला. म्हणाला, "शुक्रवारपर्यंत न अडखळता चालला तर ठेवू. नाहीतर परत."

आम्ही सगळे त्या यंत्रावर दात धरून होतो. ते ग्लेनिसची भाकरी खाणार, हे उघड दिसत होतं. ती मात्र गप्प होती, आणि ते काही बरं लक्षण नव्हतं.

शुक्रवारी जेवणानंतर जळक्या साखरेचा वास सुटला. ग्लेनिस जेवायला गेलेली असताना यंत्राने चॉकलेटसकट वरची पिशवी ओतली होती, परात वाळवायला भट्टीशेजारच्या गरम कपाटात गेली होती, आणि तो चिकट गोळा थेट गिरणीत जाऊन बसला होता. सगळं ठप्प! आम्ही शिट्ट्या मारल्या.

"जिंकलीस गं, ग्लेनिस!" मी ओरडलो.

"गप्प बस, गाढवा!" तिचा आवाज चिरकला. "मला नाही जिंकायचं. मनगटं गेलीत माझी. सकाळी बुटाच्या नाड्या नवऱ्याकडून बांधून घेते मी."

शिट्ट्या थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज शेजारी उभा राहून मला कसं कळलं नाही?

"मग बोलली का नाहीस?" फर्गसने विचारलं.

"बोलले असते तर तू घरी बसवलं असतंस. आता ऐक. चूक यंत्राची नाही, चॉकलेट माझं होतं. हे परत गेलं तर वर्षभरात मीही जाईन. उचलणं, ओतणं त्याला करू दे. आत काय आलंय ते मी बघते."

फर्गसने बराच वेळ टक्कल खाजवलं. "आणि ती चॉकलेटं?"

"बंद."

तिने तिथूनच त्या भोकं पाडणाऱ्या पोरांच्या मुकादमाला, केलला, फोन लावला.

"चॉकलेट पाठवू नका रे आता."

"का? वजन वाढलं?"

"हात गेले माझे. पिशव्या यंत्र उचलतं."

 केल म्हणाला, "मग त्या यंत्राला काय आवडतं?" ग्लेनिस हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

पुढच्या गाडीबरोबर केल आणि त्याची दोन पोरं स्वतःच आली, तांबड्या मातीने माखलेली. दारात ग्लेनिसला बघून केलने हात पुढे केला. ती त्या हाताकडे बघत राहिली. हात मिळवणं तिला झेपणारं नव्हतं. मग तिने सरळ त्याला मिठीच मारली.