भरतीची ओळ

शहरात उन्हाळा लागला हे बाकीच्यांना घामावरून कळतं, यादीवाल्यांना टेबलावरून कळायचं. कार्यक्रमांच्या पत्रकांखाली टेबलाचं लाकूड दिसेनासं झालं की समजावं, उन्हाळा आला. स्टेडियममध्ये गिटारवाले, तळ्याकाठी ट्रम्पेटवाले, बंद पडलेल्या गोदामात कानठळ्या बसवणारं काहीतरी, प्राणिसंग्रहालयाच्या हिरवळीवर चार व्हायोलिनं, तीही पाणघोड्याच्या डबक्याला लागून. थंडीत घरात गपगुमान बसणाऱ्या माणसांना ऊन पडलं की गायची हुक्की येते, आणि ती हुक्की जाहीर करायचं काम सव्वीस वर्षं यादीवाल्यांकडे होतं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत चौथ्या पानावर ‘या आठवड्यात काय ऐकाल’ ही यादी ते करत, म्हणून ते यादीवाले. दारवानापासून संपादकांपर्यंत सगळे तसंच म्हणत. हल्ली तर बायकोसुद्धा चिडली की ‘अहो यादीवाले’ अशी हाक मारायची.

प्रत्येक कार्यक्रमाला चार ओळी. वार आणि वेळ, कोण, कुठे, आणि शेवटी एक विशेषण. विशेषणांचे नियम पक्के होते. पाच हजारांच्या वर खुर्च्या असतील तर ‘भव्य’. पन्नासच्या आत असतील तर ‘निवडक रसिकांसाठी’. गायकाने सत्तरी ओलांडली असेल तर ‘दिग्गज’, त्याला कुणीच ओळखत नसेल तर ‘प्रयोगशील’, आणि संपादकांच्या ओळखीतला असेल तर ‘चुकवू नये असा’. उरलेले सगळे ‘अविस्मरणीय’. स्वतः यादीवाले यातल्या एकाही कार्यक्रमाला कधी गेले नव्हते. एका वर्षी वादळामुळे तळ्याकाठचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, तरी ती संध्याकाळ खरोखरच अविस्मरणीय झाल्याची दोन वाचकांची पत्रं आली. तेव्हापासून त्यांची खात्री पटली होती की यादी चोख असली म्हणजे झालं, गाण्यावाचून काही अडत नाही.

अडायचं ते आयोजकांवाचून. पान मंगळवारी लागायचं आणि ही मंडळी बुधवार दुपारपर्यंत ‘कळवतो, कळवतो’ करत बसायची. तोवर त्यांच्या चार ओळींची जागा कशाने तरी अडवून ठेवावी लागे. दुसऱ्या पानांवरचे लोक या भरतीसाठी ‘अअअअ’ किंवा ‘कखगघ’ असं काहीही ठोकत. यादीवाल्यांनी मात्र नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, घाईघाईत, बोटांना सुचेल ते ठोकलं होतं: ‘रविवार, संध्याकाळी ६. ताईचं गाणं. आमची गच्ची, पाण्याच्या टाकीजवळ.’ त्याखाली घराचा पत्ता आणि ‘प्रवेश मुक्त’. बरोब्बर चार ओळी भरल्या. मग कोण नवीन शोधत बसतो? तीच भरती सव्वीस वर्षं चालली. मंगळवारी यायची, बुधवारी पुसली जायची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. लहानपणी ती गाणं शिकायला जात असे. पुढे टेलिफोन एक्सचेंजमध्ये छत्तीस वर्षं ‘थांबा, जोडून देते’ म्हणण्यात गेली. आता निवृत्त होऊन ती यांच्याच घरी, वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत राहत होती. गाणं म्हणाल तर इस्त्री करताना गुणगुणायची, तेवढंच.

या उन्हाळ्यात यादीवाल्यांची दाढ दुखायला लागली आणि नेमकी बुधवारी दुपारी उपटायची ठरली. नदीतल्या बोटीवर वाजवणाऱ्या एका बँडचं अजून नक्की व्हायचं होतं.

“त्यांचं कळलं की ती चार ओळींची भरती काढा आणि त्यांचं टाका,” त्यांनी पानं लावणाऱ्या बाईंना सांगितलं.

“आणि नाहीच कळवलं तर?”

“कळवतील हो!” गालावर हात दाबून ते निघाले.

बँडने कळवलं नाही, कारण बुधवारी सकाळी बोटीवरच त्यांची भांडणं होऊन बँड मोडला होता. चार वाजता बाईंनी भरतीच्या ओळींकडे पाहिलं. वार होता, वेळ होती, पत्ता होता, प्रवेशसुद्धा मुक्त होता. बाकीच्या निम्म्या नोंदींत एवढं धड काही नव्हतं. ही कुठली भरती, ही तर खरीच नोंद, असं त्यांना वाटलं तर त्यांची काय चूक? फक्त नुसतं ‘ताईचं’ त्यांना उद्धट वाटलं, म्हणून त्यांनी ‘ताईंचं’ केलं. आणि विशेषण राहिलेलं दिसलं, म्हणून नियमाप्रमाणे ‘अविस्मरणीय’ घातलं.

शुक्रवारी सकाळी यादीवाले सुजलेल्या गालाने चहा पीत होते. ताई जिना उतरून आली. हातात पुरवणी, चौथं पान वर येईल अशी घडी घातलेली.

“अरे, निदान एकदा विचारायचंस तरी,” ती म्हणाली.

यादीवाल्यांनी पान पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ताई काही त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीतून गच्चीच्या दिशेने बघत होती.

“रविवार म्हणजे परवाच की रे! आवाज कुठे राहिलाय मला. आणि सहा कसले लिहिलेस? सहाला टाकीजवळ रणरणतं ऊन असतं. साडेसहा तरी करायचे.” मग म्हणाली, “दर शुक्रवारी वाचते मी ही यादी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला आपलं वाटायचं, तुझ्या कधी लक्षातच येत नसेल.”

ती वर निघून गेली आणि थोड्याच वेळात वरून सूर लावून बघितल्याचा आवाज आला. दोनदा फाटला, तिसऱ्यांदा लागला.

यादीवाल्यांनी बायकोला हळू आवाजात खरा प्रकार सांगितला. तिने कपाळावर हात मारला. “काखेत कळसा अन् गावाला वळसा! गावभरच्या गाण्यांच्या दवंड्या पिटल्यात जन्मभर, आणि घरातल्या माणसाचं नाव छापून आलं ते दाढ दुखली म्हणून! आता चूक झाली असं त्यांना सांगायला जाल तर याद राखा. आयुष्यात एक गोष्ट धड झालीय तुमच्या हातून.”

ऑफिसात संपादक वाटच बघत होते. सकाळपासून अकरा फोन आले होते. एकाला गच्चीला लिफ्ट आहे का ते हवं होतं, दुसऱ्याला पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या.

“कोण या ताई?”

“माझी बहीण.”

“गातात?”

“इस्त्री करताना,” यादीवाले प्रामाणिकपणे म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवर दैनिकाचे संगीत समीक्षक बसले होते. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं त्यांनी उभ्या हयातीत कबूल केलं नव्हतं. “ताई ना? ऐकलंय मी त्यांना,” ते डोळे मिटून म्हणाले. “आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही. पण समज! समज दांडगी.”

“तुम्ही गप्प बसा हो,” संपादक ओरडले. “इथे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! उद्या कुणीही आपल्या आत्याचं गाणं छापेल. यादीवाले, उद्याच्या अंकात चूक-दुरुस्ती गेली पाहिजे. लिहून घ्या: सदर नोंद अनवधानाने छापली गेली. असा कोणताही कार्यक्रम नाही, आणि या नावाची कोणीही गायिका नाही. आजच्या आज टाका, नाहीतर सोमवारपासून यायची तसदी घेऊ नका.”

यादीवाले जाग्यावर येऊन बसले. चोपन्नाव्या वर्षी नोकरी गेली तर दुसरीकडे कोण विचारणार? विशेषणं लावण्यापलीकडे त्यांना येत काय होतं? त्यांनी पहिलं वाक्य टाइप केलं. दुसरं अर्धं केलं, ‘असा कोणताही कार्यक्रम नाही’. इथवर ठीक होतं. मग आलं ‘या नावाची कोणीही गायिका नाही’. सव्वीस वर्षांत त्यांनी डोळे झाकून हजारो खोटी वाक्यं लिहिली होती आणि एकानेही त्यांचा हात अडवला नव्हता. उद्या सकाळी ताई पान उघडणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार, आणि हे वाक्य वाचणार. ते वाक्य काही त्यांच्याच्याने पुरं होईना. दाढेचं दुखणं असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली, पण दाढ परवाच गेली होती.

त्यांनी सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं: ‘चूक-दुरुस्ती. रविवारच्या ताईंच्या गाण्याची वेळ कालच्या पुरवणीत ६ अशी छापली गेली. ती ६.३० अशी वाचावी. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ आणि पान सहीसाठी आत पाठवून दिलं. चूक-दुरुस्ती जगात कुणीच वाचत नाही, ती लिहायला लावणारा संपादकसुद्धा नाही. दहा मिनिटांत सही होऊन पान परत आलं.

मात्र ‘कुणीच वाचत नाही’ हा यादीवाल्यांचा समज रविवारी खोटा ठरला. जी गोष्ट एकदा छापून येते ती जाहिरात, आणि जिच्या वेळेची दुरुस्ती छापून येते ती भलतीच महत्त्वाची, असा लोकांनी हिशेब केला असावा. साडेसहाला गच्चीवर साठेक माणसं होती. बायकोने इमारतीतल्या प्रत्येक घरातून खुर्च्या आणल्या होत्या. त्यात दोन आरामखुर्च्या होत्या आणि एक न्हाव्याच्या दुकानातली गोल फिरणारी. तिच्यावर समीक्षक जाऊन बसले.

पहिल्या रांगेत संपादक होते. त्यांना पाहून यादीवाल्यांची पाचावर धारण बसली.

“मी आलो नाही, मला आणलंय,” संपादक शेजारी बसलेल्या स्वतःच्या बायकोकडे बोट दाखवत दबक्या आवाजात म्हणाले. “ही म्हणते, दोनदा छापलं म्हणजे काहीतरी असणारच. तुमचं काय करायचं ते मी उद्या ठरवणार होतो.” मग त्यांनी मागे वळून गर्दीकडे पाहिलं. “पण बरीच आलीत हो माणसं. पुढच्या रविवारीही लावू या का? प्रायोजक म्हणून आपलं नाव घालू.”

यादीवाले सगळ्यांच्या मागे, जिन्याच्या दाराला टेकून उभे राहिले. नोकरी वाचली होती. सुटकेचा निःश्वास टाकावा म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात ताईने सुरुवात केली.

ठेवणीतले कपडे घालून, हात मांडीवर ठेवून ती बसली होती. पहिला सूर थरथरला. दुसरा सावरला. मग आवाज हळूहळू बाहेर आला, जाडसर, वापराने झिजलेला, पण जिथे पोचायचं तिथे बरोबर पोचणारा. आपल्या यादीतला कार्यक्रम यादीवाले आज पहिल्यांदाच ऐकत होते. याला कोणतं विशेषण लावायचं, ते त्यांना सुचेना, आणि सुचत नाही याचंच बरं वाटत होतं.

चार-पाच मिनिटं झाली असतील. गाणं वर चढत होतं, आणि एका जागी येऊन ताई थांबली. लोकांना वाटलं, श्वास घेतेय. मग वाटलं, पाणी हवंय. समीक्षकांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि वहीत ‘धाडसी विराम’ असं टिपलं.

“पुढचं मला येत नाही,” ताई म्हणाली. एक्सचेंजमध्ये नंबर लागत नाही हे ती ज्या आवाजात सांगत असेल, अगदी त्याच आवाजात. “इथपर्यंतच शिकून झालं होतं. मग आई गेली. हा तेव्हा आठ महिन्यांचा. क्लास संध्याकाळचा, याला कुणाजवळ ठेवणार?”

त्यात तक्रार नव्हती. लोकांनी वळून ‘हा’ कोण ते पाहिलं. दारापाशी अर्ध्या पिकल्या केसांचा, एक गाल अजून सुजलेला माणूस उभा होता. गाण्याचा कंटाळा आला म्हणून क्लास सोडला, असंच ताई त्यांना जन्मभर सांगत आली होती, आणि त्यांनीही ते खरं मानलं होतं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. आता त्यांना त्या सोयीची लाज वाटली.

“तेवढंच परत म्हणू का?” ताईने विचारलं.

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते कुठल्याच पुरवणीत छापलेलं नव्हतं.

“म्हण,” मागून यादीवाले म्हणाले. “आणि उद्यापासून संध्याकाळी क्लासला जा, ताई. मी राहीन एकटा.”

सगळी गच्ची हसली. ताई हसली नाही. तिने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.