बरणीमावशींचं नाक

दुकानातली बाटली मावशींच्या घरात यायची ती रिकामी होऊनच. शेजाऱ्यांनी टाकलेली बाटली त्या उचलून आणत, उकळत्या पाण्यातून काढत आणि तिच्यात स्वतःचं काहीतरी भरून ठेवत. फरशी पुसायला संत्र्याच्या साली मुरवलेलं व्हिनेगर, भांड्यांना मीठ आणि सोडा, कपड्यांना साबणाचे उरलेसुरले तुकडे किसून केलेला पातळ साबण, बुटांना मेण आणि काजळी. स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्याला डबा, बरणीला बरणी लागलेली. म्हणून सगळी इमारत त्यांना बरणीमावशी म्हणायची.

पण त्यांचं नाव झालं होतं ते मलमामुळे. मधमाशांचं मेण, तेल, मंद आच आणि मावशींचं नाक, एवढ्यावर ते व्हायचं. वजनकाटा नाही की घड्याळ नाही. तेलाच्या डब्यात आधी नाक, पातळ होणाऱ्या मेणावर मधून मधून नाक, आणि डबीचं झाकण लावण्यापूर्वी शेवटचं एकदा नाक. ते पसंत पडलं की डबी जिन्यावरून खाली जायची. भेगाळलेल्या टाचा घेऊन आलेल्या माणसाला मलमाबरोबर थोडं व्याख्यानही मिळायचं. "बाजारातल्या मलमात अत्तर ओततात. अस्सल वस्तूला तिचा स्वतःचा वास असतो. तुम्हाला आवडो न आवडो, तोच खरा." लोक माना डोलवायचे. माणूस फुकट मलम घेताना कशालाही मान डोलावतो.

त्या थंडीत मावशींना जबर सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. सुरुवातीला त्यांना वाटलं, येईल हळूहळू. मग एका सकाळी गॅसवरचं दूध लागून पातेल्याचं बूड काळं पडलं, आणि त्या शेजारीच ओट्याशी उभ्या होत्या. काका, म्हणजे मावशींचे यजमान, खालच्या दुकानातून धावत वर आले. ते टेलर होते, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती.

"अगं, खाली दुकानात वास आला मला! तू करतेस काय?"

"विचारात होते," मावशी म्हणाल्या आणि पातेलं घासायला घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईलही किंवा येणारही नाही. घरी येऊन मावशींनी सांगितलं, "सगळं ठीक आहे म्हणाले." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून एवढंच बोलल्या आणि भाजी चिरत बसल्या. आतून मात्र त्या धास्तावल्या होत्या. नाकच नाही म्हटल्यावर ही फळी कुणाची? आणि फळी नाही, तर जिन्यावरून कोण वर येणार?

तेव्हा त्यांनी न बोलता काम चालू ठेवलं. मीठ जिभेला कळत होतं, बाकी सवयीने निभत होतं. उन्हाळा लागला तसं लोकांना मलम हवं झालं. मावशींनी खिडकीतल्या डब्यातलं तेल काढलं, उजेडात धरून रंग पाहिला. रंग नेहमीचाच होता. एक थेंब जिभेवर ठेवला; तेलकट लागला, एवढंच. मेण वितळवलं, मलम केलं, थंड केलं. मऊ, पिवळसर, देखणं मलम झालं. डब्या भरल्या आणि घरोघर पोचवल्या.

"कसं झालंय?" त्या ज्याला त्याला विचारायच्या.

"छान," सगळे म्हणायचे. पहिल्या मजल्यावरची नर्स म्हणाली, तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, रात्रपाळीचा वॉचमनसुद्धा म्हणाला. मावशींचा जीव भांड्यात पडला. नाकावाचूनही जमतं म्हणायचं!

मग त्यांची धाकटी बहीण राहायला आली. ही बाई तोंडाने फटकळ आणि मनाने साफ. तिने बॅग दारातच ठेवली आणि पदर नाकाला लावला.

"ताई, जिन्यात काय मेलंय गं? प्रत्येक दारातून तोच वास!"

मावशींच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. धाकटीने फळीकडे पाहिलं, एक डबी उघडली आणि पटकन बंद केली.

"हे मलम आहे? अगं, तेल खवट झालंय. पार खवट! तुला कसं कळलं नाही?"

 मावशींनी पिशवी घेतली आणि त्या जिना उतरू लागल्या. एकेका दारावर थाप मारून त्या डबी परत मागत होत्या.

"वास येत होता?" त्यांनी नर्सला विचारलं.

नर्स ओशाळली. "येत होता, मावशी. पण मला वाटलं, अस्सल वस्तूचा असाच असतो. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मास्तरांनी डबी बोटांनी निपटून निपटून जवळजवळ संपवली होती. "रोज लावत होतो," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "गल्लीतली मांजरं मागे लागायची, पण टाचा सुधारल्या हो."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मावशी यावर खो खो हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांना फक्त लाज वाटली. एवढी माणसं, आणि एकाच्याही तोंडून खरं निघू नये! भिडस्तपणाचाही कळस असतो.

शेवटी त्या दुकानात गेल्या. काका शर्टाची कॉलर उलटवत होते.

"तुम्हालाही येत होता?"

काकांनी सुई कापडात टोचून ठेवली. "हो."

"मग बोलला का नाहीत?"

"लग्न झाल्यावर एकदा तुझ्या व्हिनेगरच्या वासाबद्दल बोललो होतो. तेव्हा तू जो अबोला धरलास, तेव्हापासून तुझ्या बरण्यांत नाक खुपसायचं सोडलं मी."

मावशी स्टुलावर बसल्या. पिशवीतल्या डब्या एकमेकींवर खडखडल्या. "मला वासच येत नाही हो. थंडीपासून."

काकांनी शर्ट बाजूला ठेवला. "आणि मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले. त्यांना ते लागलं होतं, ते दिसत होतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बरं झालं, आता आण सगळं बाजारातून."

काकांनी शर्ट पुन्हा हातात घेतला, कारण ते अगदी हेच म्हणाले असते.

धाकटी गेल्यावर मावशींनी बरण्या धुऊन पुसून पलंगाखाली सारल्या आणि बाजारातून फरशी पुसायच्या निळ्या पाण्याची बाटली आणली. बाटलीवर फुलांचं चित्र होतं. फरशी चकचकीत झाली. काका रोज दुकान बंद करून वर येत आणि उंबऱ्यावर क्षणभर थबकत. आयुष्यभर ज्या व्हिनेगरला नावं ठेवली, ते नसल्यावर घर आपलं वाटेना. हे बायकोसमोर कबूल करायचं म्हणजे मोठीच पंचाईत.

एका संध्याकाळी त्यांनी बटणांचा पत्र्याचा डबा ओट्यावर आणून ठेवला. आत बटणं नव्हती, संत्र्याच्या साली होत्या.

"नाकाचं काम मी करतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"तुम्हाला वासातलं काय कळतं? तुमच्याकडे दोनच, बरा आणि बरा नाही."

"मग शिकव."

आणि मावशी शिकवू लागल्या. काका आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात डोळे मिटून उभे राहायला लागले. बंद कपाट हुंगून कुबट, दह्याच्या भांड्यात आंबूस, तव्यावर करपट, तेलाच्या जुन्या डब्यात खवट. चुकले की मावशी ओरडत. एकदा त्यांनी आंबूसला कुबट म्हटलं आणि पुढचा तासभर बोलणी खाल्ली. पण कापड हाताला लागताच ओळखणारा माणूस तो. एकदा धरलेली गोष्ट सोडत नसे.

पलंगाखालून बरण्या परत फळीवर आल्या. मावशींनी ताजं तेल आणलं, काकांनी ते हुंगून पास केलं, आणि मलम गॅसवर चढलं. थंड झाल्यावर मावशींनी भांडं त्यांच्यापुढे धरलं. मलम मऊ होतं, पिवळसर, देखणं. मावशींच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती कुणालाही वाचता आली असती, आणि काकांना तर ती फारच चांगली वाचता येत होती.

त्यांनी वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला.

"छान आहे ना?" मावशींनी विचारलं.

काकांनी डोळे उघडले. "खवट नाही. पण करपट आहे. मेण खाली लागलंय. हे द्यायचं नाही कुणाला."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. काकांना वाटलं, झालं, आता अबोला. पण मावशींचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना खरं सांगितलं होतं.

त्यांनी भांडं घासायला मोरीत ठेवलं आणि पदर खोचला.

"अहो, मेणाची दुसरी वडी काढा फळीवरून," त्या म्हणाल्या. "आणि इथेच उभे राहा, हलू नका."