गोपाळरावांची परक्या मुलखातली घरे

सोलापूरच्या आमच्या दैनिकात गोपाळराव उपसंपादक होते. दुपारच्या चहाला ते एकाच प्रकारची पुस्तके वाचत: शहर सोडून परक्या देशातल्या खेड्यात पडके घर घेणाऱ्या आणि ते स्वतः उभे करणाऱ्या साहेब लोकांच्या आठवणी. भवानी पेठेतल्या रद्दीवाल्याला त्यांनी तसे सांगूनच ठेवले होते. वाचलेले ते आम्हाला सोयऱ्यांची खुशाली सांगावी तसे सांगत.

"काल धुराडं बसवलं. धूर अजून घरातच येतोय."

"आणि विहीर, गोपाळराव?" कोणी तरी डिवचे.

"पाणी लागलं की सांगतो. घाई तुम्हालाच."

ते स्वतः भीमाकाठचे. उजनीच्या धरणाचे काम चालू होते आणि त्यांचे गाव पाण्याखाली जाणार होते. त्या बातम्या त्यांच्याच टेबलावरून जात. गावाबद्दल ते बोलत नसत.

एका दुपारी त्यांचे थोरले भाऊ कचेरीत आले. बसले नाहीत.

"घर उतरवाय घेतलंय. लाकूड नव्या गावठाणात न्यायचंय. आढ्याला माणूस कमी पडतंय. दोन दिस ये की."

"रजेचं बघतो, दादा."

टेबलावरच्या उघड्या पुस्तकात एका घराचे चित्र होते. "हे कुणाचं?" दादांनी विचारले.

एका इंग्रजाने दूरच्या डोंगरातल्या गावात घर घेतले, तिथली भाषा त्याला येत नव्हती, तरी छप्पर चढवायला सारे गाव आले, असे गोपाळरावांनी सांगितले. सांगताना ते नेहमीसारखे रंगले. दादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"चांगली मानसं की. आमच्या हितं जो तो आपलंच घर उतरवतोय." मग चित्रावर बोट ठेवून, "ह्याला भाऊ न्हाय व्हय?"

गोपाळरावांनी पुस्तक मिटले. "तसं लिहिलेलं नाही."

रजेचा अर्ज त्यांनी केला नाही. त्यांचे काम आमच्यापैकी कोणीही सांभाळले असते, हे त्यांना ठाऊक होते.

नव्या घराच्या वास्तुशांतीला मात्र ते गेले. परतल्यावर दुपारचा चहा आला, तो त्यांनी तसाच निवू दिला. पुस्तक बाहेर काढले नव्हते. घर कसे झाले, म्हणून मी विचारले.

"चांगलं झालंय. दार आमचंच, आढंही आमचंच. वहिनीनं खुर्ची दिली. म्हणाली, बसा भावजी. चहा कपबशीतनं आणला."

"मग?"

"घरच्यांना ती पितळीत देते. आजवर मलाही पितळीतच द्यायची."